हारूच्या बापाची डुलकी

जयवंताबाईंबद्दल लिहायचं तर आधी माझ्या अक्षराबद्दल लिहावं लागतं, आणि तिथंच मान खाली जाते. माझं अक्षर गावात नावाजलेलं होतं. कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिकेवरची नावं माझ्याकडून, ग्रामपंचायतीची पाटी माझ्याकडून, शाळेच्या फळ्यावरचा सुविचार तर रोजचाच. तालुक्याहून साहेब तपासणीला आले की आधी हजेरीपट उघडायचे आणि ‘वा गुरुजी’ म्हणायचे. तो ‘वा’ ऐकायची सवय एकदा लागली की माणूस कामातून जातो. मी गेलो. आज हे लिहितो आहे तेही वळणदारच येतंय, याचा मला राग येतो.

आमचं गाव हिंगणीपासून दोन कोसांवर, बोरच्या जंगलाला लागून. शाळा सातवीपर्यंत. मी मराठी शिकवायचो आणि जयवंताबाई सुकडी वाटायच्या. सुकडी म्हणजे सरकारकडून गोण्यांमधून यायचं ते गोडसर पीठ. सोबत दुधाची भुकटी. बाई मागच्या पडवीत चूल पेटवायच्या, भुकटी कोमट पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायच्या आणि मधल्या सुट्टीत पोरांना ओळीनं बसवून वाढायच्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगानं उंच, नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा हरिदास सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. बाई चौथी शिकल्या होत्या, आणि आमच्या शाळेतली पोरं ऐकायची ती त्यांचंच. हेडमास्तर अण्णाजी छडी घेऊन फिरले तरी गलका थांबायचा नाही. बाई नुसतं म्हणायच्या, “हारू पुलावर उभी हाय अन् तुमाले बोलणं सुचून राह्यलं?” की सत्तर पोरं चिडीचूप.

हारू ही जपानातली मुलगी. आमच्या गावात जपान कुठून आलं, तर नालवाडीहून. बाप मेला तेव्हा बाई दहा वर्षांच्या होत्या. आई रुख्मिणी त्यांना घेऊन वर्ध्याजवळ नालवाडीला गेली आणि तिथल्या एका आश्रमवजा वस्तीत स्वयंपाकाला राहिली. त्या वस्तीत एक जपानी भिक्खू होता. सकाळी पंख्याच्या आकाराचं चामड्याचं वाद्य बडवत तो रस्त्यानं फिरायचा आणि दुपारी चुलीपाशी बसून मोडक्यातोडक्या हिंदीत आपल्या मुलखाच्या जुन्या गोष्टी सांगायचा. डोंगरातले किल्ले, किल्ल्यांचे धनी, धन्यासाठी जीव देणारे तलवारवाले, माणसाचं रूप घेणारी पांढरी कोल्ही. तीनेक वर्षं हे चाललं. मग लढाई लागली आणि एक दिवस पोलीस येऊन त्याला घेऊन गेले, कारण तो जपानी होता. गोष्ट अर्धी त्याला सांगता आली नव्हती, अर्धी बाईंना समजली नव्हती. उरलेली त्यांनी स्वतःच भरून काढली.

त्यामुळे बाईंच्या जपानात किल्ल्याच्या धन्याला मालगुजार म्हणत. मालगुजार म्हणजे आमच्या जुन्या मध्य प्रांतातला गावाचा मालक. सारा तोच वसूल करायचा, न्यायनिवाडाही तोच करायचा. तिथली माणसं भाताचे गोळे खायची, पण सोबत ठेचा असायचा. बर्फ पडायचं ते जिनातल्या कापसासारखं. किल्ल्याच्या फाटकासमोरून जाताना सगळे पायातल्या वहाणा हातात घ्यायचे. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, जपानात पोळा असते?” बाई शांतपणे म्हणाल्या, “बैल हायत तं पोळा काऊन नाई?” मी पडवीच्या दाराशी उभा राहून हसलो होतो. शिकलेल्या माणसाचं ते हसू मला अजून आठवतं.

गोष्ट अशी की हारूचा बाप किल्ल्याच्या पुलावर पहारा करायचा. एका हिवाळ्यात तो उभ्या उभ्या बर्फाचा झाला आणि उन्हाळा आला तरी वितळला नाही. हारू चौदा वर्षांची. ती बापाची तलवार घेऊन निघते, पांढऱ्या कोल्हीकडून लढाई शिकते, धुक्यातली भुतं, सात डोंगर, आंधळा लोहार असं सगळं पार करते. पोरं तोंडातला घास विसरायची. पण बाप असा का झाला हे बाई कधी सांगायच्या नाहीत. कुणी फारच मागे लागलं तर म्हणायच्या, “शेवटी समजते.” आणि शेवट कधी यायचाच नाही. हारू पुलापर्यंत यायची आणि सुट्टी संपायची.

आता आमच्या गावातली बोलण्याची एक तऱ्हा सांगतो. आमचं घर मालगुजाराचं. माझे आजोबा बापूजी हे शेवटचे मालगुजार. कायद्यानं मालगुजारी गेली तरी गाव आम्हाला मालकच म्हणत राहिलं. आमच्या घरात कुणी पेंगला की म्हणायचे, ‘तानबा झाला.’ बापूजींचा तानबा नावाचा एक गडी होता. त्याला शेतात कापसाच्या गंजीची राखण करायला ठेवलं आणि तो पिऊन झोपला, पाऊस आला, गंजी भिजली, असं घरात सांगत. नवा गडी ठेवला की त्याला पहिल्या दिवशी बजावायचे, ‘तानबासारखा झोपजो नको.’ घरातून ते गावात गेलं. भजनात डुलणारा तानबा, बंडीवर म्हणजे बैलगाडीवर पेंगणारा तानबा. मीही वर्गात म्हणायचो. दुपारी एखादं पोरगं डोळे मिटू लागलं की खडू फेकून ओरडायचो, “काय रे, तानबा झाला का?” वर्ग हसायचा. पडवीत जयवंताबाई भांडी घासत असायच्या.

तानबा हे त्यांच्या बापाचं नाव होतं. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून म्हणायचो. त्यात काही वावगं आहे हे डोक्यातच आलं नाही, आणि हे कारण मी स्वतःच्या बचावासाठी देत नाही, उलट तेच सर्वांत वाईट आहे असं मला वाटतं.

पंचाहत्तर सालच्या दिवाळीनंतर अण्णाजींनी शाळेचं हस्तलिखित काढायचं ठरवलं. तेव्हा बऱ्याच शाळांत ही पद्धत होती. पोरांच्या नि मास्तरांच्या कथा-कविता कुणीतरी चांगल्या अक्षरात एका जाड वहीत उतरवायच्या, चित्रं काढायची, कापडी बांधणी करायची. छापायचं काही नाही, प्रत एकच. त्या वर्षी वर्ध्याला जिल्ह्यातल्या शाळांच्या हस्तलिखितांची स्पर्धा होती. अण्णाजी माझ्याकडे बघत म्हणाले, “आपल्यापाशी काय हाय स्पर्धेत ठेवाले? बाईची जपानी गोष्ट हाय, अन् प्रभाकररावाचं अक्षर हाय.”

बाईंनी महिनाभर लिहिलं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, त्यावर शिसपेन. बावीस कागद. एका सकाळी त्यांनी ते माझ्या हातात दिले. कागद पदरात गुंडाळून आणले होते.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “भाषा तुमची करजा. गोष्ट माही राहू देजा.”

“म्हणजे काय बाई, गोष्ट तुमचीच,” मी म्हणालो.

“शेवट लिवला हाय,” त्या म्हणाल्या. “पह्यल्यांदाच.”

रविवारी दुपारी मी ते कागद घेऊन बसलो. सतरा पानं मजेत वाचली. अठराव्या पानावर बाईंनी बापाचं सांगितलं होतं. मालगुजार पुलावर येतो, घोडा थांबवतो आणि पहारेकऱ्याला म्हणतो, ‘मी लग्नाले जाऊन राह्यलो. सकाळी दुसरा मानूस पाठवतो. तो येईतो जागचा हलजो नको.’ आणि जातो. दुसरा माणूस येत नाही. मालगुजार तिकडे मेजवानीत विसरून गेला आहे. बर्फ पडू लागतं. पांढरी कोल्ही येऊन म्हणते, मी तुझं रूप घेऊन उभी राहते, तू घरी जा, चुलीपाशी बस. तो म्हणतो, मालकानं मला सांगितलं आहे, तुला नाही. तीन दिवसांनी मालगुजार परत येतो तेव्हा पुलावर बर्फाचा माणूस. मालगुजार सगळ्यांना सांगतो की हा झोपला होता.

शेवटी हारू मालगुजाराला गाठते. तलवार त्याच्या गळ्यावर ठेवते. तो म्हणतो, मला मार, नाहीतर आमच्या रिवाजाप्रमाणे मी स्वतःचं पोट चिरतो. हारू म्हणते, ‘पोट चिरू नको. पुलावर ये अन् सगळ्याइसमोर म्हण, मी विसरलो होतो.’ मालगुजार पुलावर येतो, पण त्याच्या तोंडातून ते निघत नाही. मरायला तो तयार आहे, एवढं म्हणायला नाही. उन्हाळा जातो, पावसाळा जातो, तो रोज येऊन उभा राहतो आणि परत जातो. वर्षानं एके सकाळी, बाजाराच्या दिवशी, तो बोलतो. बर्फ वितळतं. बाप हारूच्या मांडीवर डोकं टेकून निजतो. बाईंचं शेवटचं वाक्य होतं, ‘अन् तो तवा झोपला, त्याच्या आंधी नाई.’

कागद गोळा केले. मी उठून ओसरीवर वडिलांकडे गेलो. महादेवराव तेव्हा सत्तरीचे. अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. मी सरळच विचारलं, “बाबा, तानबा झोपला होता का?”

अडकित्ता थांबला. “काऊन?”

मी कागद पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. मग मीच सांगितलं काय लिहिलं आहे ते.

“विसरले बापूजी,” ते म्हणाले. “तळेगावले लग्नाले गेलते. सकाळी बंडी पाठवतो म्हणून सांगतलं तानबाले, अन् तिकडे पत्त्याइत बसले. तीन दिवस. मंधात पाणी आलं. तानबापाशी एक घोंगडं होतं, ते त्यानं गंजीवर टाकलं. मंग छातीत कफ झाला. पाचव्या दिवशी गेला.”

“मग पिऊन झोपला असं काऊन सांगतलं?”

“मालकानं गड्यासमोर चुकलो म्हणाव का?” त्यांनी पुन्हा सुपारी हातात घेतली. “झालं ते झालं. मानसं गेली. आता हे वर्ध्याले जाईन, गावात वाचतीन. तुले देवानं अक्षर देल्लं, थोडी अक्कल बी वापर.”

मला तेव्हा वडिलांचा राग आला असता तर बरं झालं असतं. मला बाईंचा आला. एवढं जपान असताना हिला आमचंच घर सापडलं का, असं वाटलं. मग हळूहळू मी स्वतःला पटवलं, आणि शिकलेल्या माणसाला स्वतःला पटवायला वेळ लागत नाही. विसरभोळा धनी शूरकथेत शोभत नाही. पोरांसमोर आदर्श हवा. पहारेकऱ्याला डुलकी लागली आणि शत्रू आत शिरला तर प्रसंग रंगतो. मुलीनं पराक्रम करून बापाचा कलंक धुतला, यात बोध आहे. मी मालगुजाराचा महाराज केला. ठेचा काढला, वहाणा काढल्या, पोळा काढला. आणि लिहिलं, ‘पहाटेच्या गार वाऱ्याने त्या दुर्दैवी पहारेकऱ्यास डुलकी लागली.’ शेवटी हारू महाराजांच्या पायाशी बसते आणि उदार महाराज तिच्या बापाला क्षमा करतात.

क्षमा करतात. हे शब्द मी लिहिले. काळ्या शाईत, कट निबनं, वर लाल शीर्षक आणि भोवती वेलबुट्टी. दीड महिना मी त्या वहीवर बसलो आणि एका शब्दाची खाडाखोड होऊ दिली नाही. पक्की प्रत झाली की कच्चे कागद टाकून द्यायचे ही आमची नेहमीची रीत. ते बावीस कागद मी आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातले.

हस्तलिखिताला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी अक्षराचा खास उल्लेख केला. अण्णाजींनी शाळेत पेढे वाटले. वही स्पर्धेला जाईपर्यंत मी बाईंना दाखवली नव्हती. रोज काही ना काही सबब काढली, कधी शाई ओली आहे, कधी बांधणी व्हायची आहे. वर्ध्याहून वही परत आली त्या दिवशी मात्र त्या स्वतःच हात धुऊन, पदराला पुसून कचेरीत आल्या. अण्णाजींनी खुर्ची दिली. त्या खाली सतरंजीवरच बसल्या, वही मांडीवर घेतली आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागल्या. मी जायला हवं होतं. पण गेलो तर ते कबूल केल्यासारखं दिसेल म्हणून कपाटातले खडूचे डबे लावत उभा राहिलो.

‘डुलकी’ या शब्दावर बोट थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं. मग त्यांनी एकदम शेवटचं पान काढलं, तेही वाचलं आणि वही मिटली.

“माहे कागद कुठं हायत गुरुजी?”

“ते... ते राहिले नाहीत बाई. बंबात गेले.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी कोण आहे हे नव्यानं बघितल्यासारखं. मग वही दोन्ही हातांनी अण्णाजींच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “अक्षर लय चांगलं हाय.”

त्यानंतर जयवंताबाईंनी हारूची गोष्ट कधी सांगितली नाही. पोरं मागे लागायची. “पुस्तकात हाय ना आता,” त्या म्हणायच्या, “थेच वाचा.” मग कुणीतरी कपाटातून वही आणायचं आणि सुकडी खाता खाता मोठ्यानं वाचायचं. बाई पेला बुडवून ओळीत वाढत जायच्या. वाचणारा त्या डुलकीपाशी आला की एखादं कार्टं ओरडायचं, “तानबा झाला!” आणि सगळे हसायचे. मी माझ्या वर्गात ते म्हणणं बंद केलं होतं. पण गावाला आता ते लेखी मिळालं होतं. ज्यांना तानबा कोण हे माहीतही नव्हतं त्या पोरांपर्यंत ते मी पोचवलं होतं, आणि जपानपर्यंत नेऊन परत आणलं होतं.

वडील एक्याऐंशीत वारले. मी स्वतःला सांगत आलो होतो की त्यांच्या हयातीत काही बोलता येत नाही. तेराव्यानंतर ती सबब संपली, आणि नवी शोधायलाही फार दिवस लागले नाहीत. आता एवढ्या वर्षांनी कशाला. बाईंनाच त्रास होईल. असलं काहीबाही.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरांनी हारूचं नाटक बसवलं. अर्थात वहीतलंच. अण्णाजींचं ते शेवटचं वर्ष, म्हणून त्यांनी हौसेनं मांडव घातला आणि बाईंचाही सत्कार ठेवला. गाव लोटलं होतं. पहिल्या रांगेत बाई, शेजारी सून शकुबाई. पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या पोरानं भाला धरून अशी काही जांभई दिली, अशी काही मान टाकली की मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. मागून म्हातारे-कोतारेही ओरडले, “तानबा! तानबा!” पोरगा खूश झाला आणि त्यानं घोरण्याचाही आवाज काढला. मी पडद्याच्या फटीतून बाईंकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या. शकुबाई मान खाली घालून पायाच्या बोटानं माती उकरत होती.

नाटक झाल्यावर बाईंना शाल-नारळ दिला आणि अण्णाजींनी मला बोलायला उभं केलं. हातात माईक आला. समोर सगळं गाव, वर बाई उभ्या, माझ्यापासून दोन हातांवर. एकच वाक्य होतं. तानबा झोपला नव्हता, माझे आजोबा विसरले होते. मला ते तोंडपाठ होतं, आठ वर्षं मी ते मनात घोकत होतो. घसा साफ केला आणि म्हणालो, “सुंदर अक्षर हा खरा दागिना आहे.” पुढे दहा मिनिटं मी अक्षरावर बोललो. टाळ्याही पडल्या. बाईंनी खाली उतरताना मला नमस्कार केला, कारण स्टेजवर तसं करायचं असतं.

शहाऐंशीत त्या निवृत्त झाल्या आणि पावसाळ्यानंतर आजारी पडल्या. दमा होता, पायांवर सूज होती. ऑक्टोबरात एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. जायला धीर कसा झाला म्हणाल तर झाला नव्हता. बायकोनं डब्यात शिरा दिला होता आणि तो पोचवायचा होता. बाई खाटेवर उशीला टेकून होत्या. हरिदास रजा काढून आलेला, पायाशी बसला होता. शकुबाई दारात तांदूळ निवडत होती. मी शिऱ्याचा डबा ठेवला, इकडचं तिकडचं बोललो आणि मग माझं मलाच असह्य झालं.

“बाई,” मी म्हणालो, “तुमची गोष्ट मी बिघडवली. मुद्दाम बिघडवली. तुमचे वडील झोपले नव्हते. माझ्या वडिलांनी मला सगळं सांगितलं होतं. बापूजी विसरले होते. मला माहीत होतं आणि तरी मी तसं लिहिलं.”

बोललो आणि रडायलाच लागलो. अकरा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं. आता बाई माझ्या हातावर हात ठेवतील, म्हणतील जाऊ द्या गुरुजी, असं मी धरूनच चाललो होतो. हरिदास उठला आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. शकुबाईचे हात थांबले होते.

बाईंना दम लागत होता. त्यांनी दोनदा श्वास घेतला.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “हे इथं काऊन सांगून राह्यले? या घरात सगळ्याइले माहीत हाय.”

मी डोळे पुसले.

“आमाले सांगाची गरज नाई. थ्या चावडीवर बसतेत ना, त्याइले माहीत नाई. त्याइले सांगजा.” मग शकुबाईकडे वळून म्हणाल्या, “गुरुजीले चहा ठेव व.”

चहा पिऊन मी निघालो. चार वाजले असतील. चावडी वाटेतच लागते. पिंपळाखालच्या ओट्यावर सात-आठ जण बसले होते. दोघे माझे विद्यार्थी, एक सरपंच, बाकीचे वडिलांच्या वेळचे. मला पाहून सरपंच सरकले आणि त्यांनी ओट्यावर हातानं जागा झाडली.

“राम राम गुरुजी. कुठून येऊन राह्यले?”

मी थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते, अगदी मजेत, कुणालाच घाई नव्हती.

“जयवंताबाईले पाहून आलो,” मी म्हणालो. “तब्येत बरी नाई तिची.”

“बसा ना घडीभर.”

“नाई, घरी काम हाय थोडं,” म्हणून मी पुढे निघालो.

जयवंताबाई त्यानंतर अकरा दिवस होत्या. चावडी रोज भरत होती.